'क्लाविस'ची 'चावी': लॅटिनमधला 'क्ल' गेला कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सध्या पोर्तुगीज शिकताहेत. वर्गात त्यांना सांगितलं गेलं की मराठी 'चावी' पोर्तुगीज 'शाव्ह'वरून आली आणि तो शब्द लॅटिन 'क्लाविस'वरून. त्यांना दोन गोष्टी खटकतात. 'क्लाविस'मध्ये ना 'च' आहे ना 'श', मग तो उपटला कुठून? आणि पोर्तुगीज माणूस आज 'श' म्हणत असेल तर आपण 'च' का म्हणतो? त्यात घरच्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं की 'चावी' अस्सल मराठीच, कुलपाला चावते म्हणून चावी. ही व्युत्पत्ती सरळ वाटते, मग ती खोटी कशावरून?

निकाल आधी सांगतो: वर्गातलं बरोबर आहे, वडीलधाऱ्यांचं नाही. पण निकालापेक्षा तो लागला कसा हे महत्त्वाचं, कारण तुमचा खरा प्रश्न 'चावी'चा नाहीच. दोन शब्द कानाला सारखे वाटले म्हणजे नातं सिद्ध होत नाही, आणि अजिबात सारखे वाटले नाहीत तरी नातं असू शकतं. मग नातं ठरवायचं कशावर? मी पोर्तुगीज शिकवतो, जुन्या पोर्तुगीज दस्तांची भाषांतरं करतो, आणि दोन्हीकडे हा प्रश्न सारखा भेटतो. माझं उत्तर एकच असतं: एकट्या शब्दाकडे बघू नका, त्याची भावंडं शोधा.

सुरुवात लॅटिनपासून. शब्दकोशात 'क्लाविस' दिसतं, कारण कोशात प्रथमेचं रूप द्यायची पद्धत आहे. पण पोर्तुगीज, स्पॅनिश, इटालियन या भाषांत नामं उतरली ती बहुतेक करून द्वितीयेच्या रूपातून. 'क्लाविस'ची द्वितीया 'क्लावेम'. शेवटचा 'म्' बोलण्यातून फार लवकर गळला. पोंपेई या रोमन शहराच्या भिंतींवर लोकांनी खरडलेल्या लॅटिनमध्येही तो जागोजागी गायब आहे, आणि पोंपेई ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये. तेव्हा हातात उरतं ते 'क्लावे'. आता पोर्तुगीज शब्दाच्या जुन्या उच्चाराकडे बघा: 'चा-वे'. मधला 'आ', त्यानंतरचा 'व', शेवटचा 'ए', सगळं जागच्या जागी आहे. शब्द स्त्रीलिंगी होता, स्त्रीलिंगीच राहिला. म्हणजे हिशोब द्यायचा आहे तो फक्त सुरुवातीच्या 'क्ल'चा.

इथे भावंडं कामाला येतात. लॅटिन 'प्लुविया' म्हणजे पाऊस, पोर्तुगीजमध्ये 'शुवा'. 'प्लेनुम' म्हणजे भरलेला, तो झाला 'शेयु'. 'प्लुम्बुम' म्हणजे शिसं, ते 'शुंबु'. 'प्लोरारे' म्हणजे रडणं, ते 'शुरार'. 'फ्लाम्मा' म्हणजे ज्वाळा, ती 'शामा'. 'क्लामारे' म्हणजे हाका मारणं, ते 'शामार'. हे सगळे शब्द पोर्तुगीजमध्ये 'सी-एच' या जोडाक्षराने लिहितात, आणि जुन्या काळी त्याचा उच्चार 'श' नसून आपला 'च' होता. त्याकडे पुढे येतोच. म्हणजे शब्दाच्या आरंभी 'क्ल', 'प्ल' किंवा 'फ्ल' असेल तर पोर्तुगीजमध्ये 'च'. हा एका शब्दाचा लहरीपणा नव्हे, हा ध्वनिनियम आहे. व्युत्पत्तीत वजन याला असतं. एक जोडी जुळली तर योगायोग म्हणता येईल. रोजच्या वापरातल्या शब्दांची रांगच्या रांग एकाच प्रकारे बदलली असेल, तर योगायोग म्हणायला जागा उरत नाही.

'क्ल'चा 'च' तोंडात होतो कसा? 'ल' उच्चारताना जीभ थोडी टाळूकडे नेली की 'ल्य'सारखा मऊ आवाज येतो. इटलीत आणि स्पेन-पोर्तुगालच्या बऱ्याच भागात 'क्ल' असाच 'क्ल्य'कडे झुकला. मग प्रत्येक भाषेने आपापली वाट धरली. इटालियनने 'ल' सोडून 'य' ठेवला: 'क्यावे'. स्पॅनिशने पहिलं व्यंजन टाकलं आणि मऊ 'ल्य' ठेवला: 'ल्यावे', आज बहुतेक ठिकाणी 'यावे'. पोर्तुगीज आणि तिची सख्खी बहीण गॅलिशियन यांनी दोन्ही आवाज एकत्र घोटून 'च' केला. फ्रेंचने 'क्ल' जवळजवळ हात न लावता ठेवला, 'क्ले', कॅटलानमध्येही 'क्लाउ'. पाच भाषांत पाच रूपं, पण प्रत्येक भाषा आपल्या नियमाशी प्रामाणिक. 'पाऊस' आणि 'भरलेला' हे शब्द घेऊन पाहा, स्पॅनिशमध्ये पुन्हा तोच 'ल्य' भेटेल.

आता तुम्ही लगेच विचाराल, आणि वर्गात कुणीतरी विचारतंच, की मग पोर्तुगीजमध्ये 'क्लारु' (स्वच्छ, उजळ) कसा? 'प्लानु' कसा? त्यांचा 'च' का नाही झाला?

मराठी माणसाला हे समजावणं सोपं जातं, कारण तत्सम आणि तद्भव आपण शाळेतच शिकलेलो असतो. 'दुग्ध' आणि 'दूध', 'कर्ण' आणि 'कान', दोन्ही एकाच मराठीत नांदतात. एक पोथीतून आलेला, दुसरा तोंडोतोंडी झिजलेला. पोर्तुगीजची गत तीच. घरात, शेतात, बाजारात हजार-दीड हजार वर्षं फिरलेला शब्द 'चावे' झाला; चर्चच्या आणि विद्वानांच्या लॅटिनमधून नंतर उचललेला शब्द 'क्लावे' राहिला. संगीताच्या पाच रेघांवर आरंभी जे चिन्ह काढतात त्याला पोर्तुगीजमध्ये 'क्लावे' म्हणतात. मूळ एकच, 'क्लाविस'. गळ्याखालच्या हाडाला म्हणतात 'क्लाविकुला', म्हणजे छोटी चावी. आणि पोप निवडताना कार्डिनल मंडळी ज्यात बंद होतात ते 'कॉनक्लेव्ह', जे आपल्या वर्तमानपत्रांतही छापून येतं, त्याच्या पोटात हाच शब्द आहे. लॅटिन 'कोन्क्लावे' म्हणजे कुलूप घालता येईल अशी खोली. हे सगळे तत्सम. 'चावे' तद्भव. अशा जोड्या पुष्कळ: 'शेयु' आणि 'प्लेनु' दोन्हींचा अर्थ भरलेला, 'शांव' म्हणजे जमीन आणि 'प्लानु' म्हणजे सपाट, 'शामार' म्हणजे बोलावणं आणि 'क्लामार' म्हणजे आक्रोश करणं.

मधला एक थरही आहे, अर्धतत्समांचा. त्यात 'ल'चा 'र' होतो: 'प्लाकेरे' (आवडणं) चा 'प्राझेर' झाला, 'फ्लाक्कुम'चा 'फ्राकु' (अशक्त) झाला. यातला माझा आवडता शब्द 'क्रावु'. लॅटिन 'क्लावुस' म्हणजे खिळा, आणि तो 'क्लाविस'च्या घरातलाच. प्राचीन किल्ली म्हणजे आजच्यासारखी दात्यांची पट्टी नव्हे. दाराच्या आतला अडसर सरकवायचा एक आकडा किंवा खुंटी. म्हणून खिळा आणि किल्ली यांचं मूळ एक, आणि 'बंद करणं' या अर्थाचं 'क्लाउदेरे'ही त्यांच्याजवळचं. पण पोर्तुगीजमध्ये दोघांच्या वाटा फुटल्या. किल्ली 'च'च्या रांगेत गेली आणि खिळा 'क्र'च्या. पुढे लवंगेलाही 'क्रावु' म्हणू लागले, कारण वाळलेली लवंग हुबेहूब छोट्या खिळ्यासारखी दिसते. एक लवंग चिमटीत धरून बघा, डोकं आणि टोक दोन्ही आहेत. पूर्वेच्या ज्या मसाल्यांसाठी पोर्तुगीजांनी एवढा समुद्र पालथा घातला, त्यांत ही लवंगही होती.

नियम नुसता पाठ करू नये, वापरताना डोकं जागं ठेवावं, यासाठी एक सापळा मुद्दाम दाखवतो. पोर्तुगालच्या उत्तर टोकाला, स्पेनच्या सीमेजवळ, 'शाव्हेश' नावाचं शहर आहे. नावाचा सरळ अर्थ 'चाव्या'. याच आडनावाच्या जुन्या घराण्याच्या ढालीवर पाच सोन्याच्या चाव्या आहेत. आता सांगा, शहराचं नाव चाव्यांवरून पडलं की नाही? नाही. रोमन काळात तिथे गरम पाण्याचे झरे होते (आजही आहेत) आणि गावाचं नाव होतं 'आक्वाय फ्लाविआय', फ्लाविउस घराण्याच्या सम्राटावरून, म्हणजे व्हेस्पाशियनवरून. 'आक्वाय' गळून गेलं, 'फ्लाविइस' या रूपातल्या 'फ्ल'चा नियमाप्रमाणे 'च' झाला, आणि रूप जाऊन बसलं 'चाव्या'च्या शेजारी. मग लोकांना चाव्याच दिसू लागल्या आणि ढालीवर चढल्या. म्हणजे ज्या नियमाने 'चावे' सिद्ध होतो, त्याच नियमाने हे शहर चाव्यांचं नाही असंही कळतं. 'चावते म्हणून चावी' आणि ढालीवरच्या पाच चाव्या, दोन्ही एकाच माळेचे मणी. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. ती वाईट नाही, माणसाला अर्थ लावल्याशिवाय चैन पडत नाही एवढंच त्यातून दिसतं. फक्त तिला पुरावा समजू नये.

आता दुसरी शंका: ते 'श' म्हणतात, आपण 'च'.

वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला पोचला, पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला, वसई 1534 पासून पोर्तुगीजांकडे होती ती 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी जिंकेपर्यंत. सोळाव्या शतकातला पोर्तुगीज खलाशी 'सी-एच'चा उच्चार 'च' करत होता, आणि 'श' या आवाजासाठी त्यांच्याकडे 'एक्स' हे वेगळं अक्षर होतं. पुढे, सतराव्या शतकाच्या सुमाराला, लिस्बनकडच्या बोलीत 'च'चा 'श' होऊ लागला आणि दोन्ही अक्षरांचा आवाज एक झाला. राजधानीची बोली प्रमाण ठरली, म्हणून तुम्हाला आज वर्गात 'शाव्ह' शिकवतात. पण उत्तर पोर्तुगालच्या खेड्यांत, आणि सीमेपलीकडे गॅलिशियामध्ये, 'च' अजून जिवंत आहे.

याचा पुरावा आपल्याकडेच आहे. कोकणीत 'एक्स'चा शब्द 'श'ने आला: 1542 मध्ये गोव्यात आलेला संत फ्रान्सिस, त्याचं आडनाव कोकणी माणूस 'शाविएर' असंच म्हणतो. (जाता जाता: हे आडनाव लॅटिन नाहीच. ते बास्क भाषेतलं, अर्थ 'नवं घर'. पोर्तुगीज दिसणारं सगळं लॅटिन नसतं.) उलट 'सी-एच'चे जुने शब्द 'च'ने आले: गोव्याच्या सॉसेजला 'चुरीस' म्हणतात, टोपीला 'चेपें'. कोकणीला 'च' आणि 'श' दोन्ही येतात, त्यामुळे गल्लत होण्याचं कारण नव्हतं. कानावर जे पडलं तेच घेतलं. आपल्यापासून फार दूर, जपानमध्येही हेच दिसतं. पोर्तुगीजांना तिथून 1639 मध्ये हाकललं गेलं, पण सनईसारख्या एका वाद्याचं नाव मागे राहिलं: 'चारुमेरा', पोर्तुगीज 'चारामेला'वरून. जपानीतही 'चा' आणि 'शा' वेगळे आहेत, तरी त्यांनी 'चा' घेतला. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन किनाऱ्यांवर एकच साक्ष मिळाली की मी निर्धास्त होतो.

शेवटचा 'ई' कुठून आला? इथे पुन्हा भावंडं बघा. पोर्तुगीज 'पाद्रे'चा 'पाद्री', 'मेश्त्रे'चा 'मेस्त्री', भाजीच्या 'कोवे'चा 'कोबी'. शेवटचा आघात नसलेला 'ए' मराठीत 'ई' होऊन बसतो. ब्राझीलमध्ये आजही 'शावी' असा स्वच्छ 'ई' ऐकू येतो, तर लिस्बनमध्ये तो स्वर इतका पुसट झालाय की नवशिक्याला 'शाव्ह' एवढंच ऐकू येतं. 'चावी' स्त्रीलिंगी असल्यामुळे 'ई' आपल्याला आणखीच सोयीचा वाटला असेल, पण 'पाद्री' आणि 'मेस्त्री' पुल्लिंगी असूनही 'ई'कारान्त आहेत, म्हणजे लिंग हे मुख्य कारण नव्हे. हिंदीने 'व'चा 'ब' केला, 'चाबी'. आपण 'कोबी'त केला, 'चावी'त नाही. अशा बारीक बाबतीत शब्द कोणत्या बंदरात, कुणाच्या तोंडून उतरला यावर बरंच अवलंबून असतं. तिथे नियमाचा हट्ट धरू नये.

आता 'चावणे'. हे क्रियापद संस्कृत 'चर्व्'वरून आलं, 'चर्वण'मधलं तेच. त्यावरून झालेलं मराठी नाम आहे 'चावा'. कुत्र्याचा चावा, डासाचा चावा. 'चावी'ला त्या कुटुंबात बसवायला जागा नाही. शिवाय मोठ्याने म्हणून बघा: 'चावा'तला 'च' दातांजवळचा, 'चाक' किंवा 'चांदणं'मधल्यासारखा. 'चावी'तला 'च' बहुतेकांच्या तोंडी टाळूचा, 'चार'मधल्यासारखा. लिहिताना एकच अक्षर, म्हणून फसगत होते. यावर एकट्यावर मी पैज लावणार नाही, कारण या दोन 'च'चा वापर भागाभागात बदलतो. निर्णायक मुद्दा निराळाच आहे. हिंदी आणि बंगालीत 'चाबी', कन्नडमध्ये 'चावी', तमिळमध्ये 'सावी'. तमिळ माणसाने मराठी क्रियापदावरून आपल्या किल्लीचं नाव ठेवलं असं म्हणायचं का? हा शब्द जिथे जिथे पोर्तुगीजांचा व्यापार आणि बोली पोचली त्या पट्ट्यातून आत पसरला. मूळचे गोव्यातल्या बार्देशमधल्या आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश 1913 मध्ये छापला, त्यात हा सगळा पसारा एका नोंदीत मांडलेला आहे. 

'किल्ली'बद्दलही विचारलं जाईल, म्हणून लिहून टाकतो. 'क', 'ल', शिवाय अर्थ तोच, मग 'किल्ली' आणि 'क्लाविस' बहिणी का नसाव्यात? कारण 'किल्ली' संस्कृत 'कील' म्हणजे खुंटीच्या घरातली, आणि 'कील'मध्ये 'क' आणि 'ल'च्या मध्ये दीर्घ 'ई' आहे, 'क्लाविस'मधल्या 'आव'चा मागमूस नाही. दोन्हीकडे खुंटीवरून किल्ली झाली हे साम्य वस्तूचं आहे, शब्दाचं नव्हे. खरी बहीण हवी असेल तर ग्रीक 'क्लेइस' आहे, आणि त्या ग्रीक शब्दावरून फारसीत 'कलीद' आला. आणि ज्यात ही चावी फिरवतो ते 'कुलूप' अरबी 'कुफ्ल'वरून, अक्षरांची अदलाबदल होऊन. एका दाराला अरबी कुलूप, पोर्तुगीज चावी आणि देशी किल्ली!

जिथे ही पद्धत अडते ते उदाहरण आहे 'साबण'. पोर्तुगीज 'साबांव' लॅटिन 'सापोनेम'वरून नियमाने येतो, दोन स्वरांमधल्या 'प'चा 'ब' होतो. पण अरबी-फारसीतही 'साबून' आहे, आणि तोही शेवटी त्याच शब्दाकडे जातो. मराठी 'साबण' कोणत्या दाराने आला हे नुसत्या ध्वनीवरून ठरत नाही. तिथे जुने कागद काढून शब्द आधी कुठे आणि कोणत्या संदर्भात दिसतो ते पाहावं लागतं. 'चावी'चं तसं नाही, कारण अरबी-फारसीत तिच्या जवळपास जाणारा शब्दच नाही.

पुढचा शब्द स्वतः सोडवायचा असेल तर 'पगार' घ्या. पोर्तुगीज 'पगार' म्हणजे पैसे देणं, लॅटिनमध्ये 'पाकारे'. स्वरांमधल्या 'क'चा 'ग' झाला, जसा 'साबांव'मध्ये 'प'चा 'ब'. 'पाकारे'चा अर्थ होता शांत करणं, 'पाक्स' म्हणजे शांतता. देणेकऱ्याने पैसे टाकून सावकाराला शांत केलं. आणखी 'ग'वाले शब्द शोधून नियम पक्का करा. 'आमिगु' (मित्र) लॅटिन 'आमिकुम'वरून, इथपासून सुरू करता येईल.

आणि उच्चाराचं म्हणाल, तर परीक्षेत 'शाव्ह'च म्हणा. शिक्षक ब्राझीलचे असतील तर 'शावी'. 'चावी' म्हणालात तर परीक्षक चूक धरतील, मात्र शाव्हेशच्या आसपासच्या खेड्यातल्या एखाद्या म्हाताऱ्याला तुमच्या 'च'मध्ये काही वावगं वाटणार नाही.